विमानाचा भूसापेक्ष वेग : एका संकल्पनेचा इतिहास आणि पुणे

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतून लंडनकडे निघालेल्या एका प्रवासी विमानाने अटलांटिक महासागरावरून जाताना ताशी ८०२ मैलांचा वेग गाठला, असे वृत्त प्रसिद्ध झाले. समुद्रसपाटीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे ७६० मैल असतो. तेव्हा या विमानाने ध्वनीला मागे टाकले, असा अर्थ वृत्त वाचणारास सहज सुचावा. वस्तुतः तसे काही घडले नव्हते. ज्या हवेतून ते विमान चालले होते तिच्या अपेक्षेने त्याचा वेग रोजच्यासारखाच होता; ती हवाच पूर्वेकडे विलक्षण वेगाने वाहत होती. त्याच सायंकाळी वॉशिंग्टनजवळून सोडलेल्या वेधशाळेच्या फुग्याने सुमारे ३५,००० फुटांवर ताशी २६५ मैलांचा वारा नोंदविला होता. बातमीतील आकडा खरा होता. परंतु तो कशाच्या अपेक्षेने सांगितला आहे, हे न कळल्यास त्याचा अर्थ मात्र खोटा ठरतो.

विमानाचा जमिनीवरील वेग हा विमानाचा गुणधर्म नव्हे. विमान, हवा आणि भूमी या तिघांमधील तो एक संबंध आहे. या संबंधातील कोणती बाजू ज्ञात धरावयाची आणि कोणती शोधावयाची, याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत तीनदा बदलले. प्रस्तुत लेखात या बदलांचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्यांपैकी मधल्या टप्प्याशी पुणे शहराचा निकटचा संबंध असल्यामुळे विवेचनाचा भर तेथे ठेवला आहे.

१. परिभाषा

गतीचे सापेक्षत्व आपल्याकडे अपरिचित नाही. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने गोलपादात नावेतून जाणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त दिला आहे. काठावरील अचल वस्तू त्यास उलट दिशेने जाताना दिसतात, तद्वत् स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे तो म्हणतो. विमानाच्या बाबतीत हाच विचार एक पायरी पुढे न्यावा लागतो. येथे नाव चालते, आणि जिच्यावर ती चालते ती नदीही वाहते.

विमानाचा हवेच्या अपेक्षेने असलेला वेग तो वायुसापेक्ष वेग, व जमिनीच्या अपेक्षेने असलेला तो भूसापेक्ष वेग. पहिल्यावर विमानाचे उड्डाण अवलंबून असते, कारण पंखांना आधार हवेचा असतो. दुसऱ्यावर प्रवासाचा काळ, इंधनाचा हिशेब आणि धावपट्टीची लांबी अवलंबून असते. पदार्थविज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत दिशारहित राशीस ‘चाल’ व दिशायुक्त राशीस ‘वेग’ म्हणतात. नित्याच्या भाषेत मात्र दोहोंस ‘वेग’ हाच शब्द चालतो. विमानविद्येत हा भेद सोडून चालत नाही, कारण विमानाचे नाक ज्या दिशेकडे असते तीच त्याच्या प्रत्यक्ष मार्गाची दिशा असते असे नाही. पहिलीस येथे ‘रोख’ व दुसरीस ‘मार्ग’ म्हटले आहे. भूसापेक्ष वेगाच्या केवळ परिमाणास शास्त्रशुद्ध नाव ‘भूसापेक्ष चाल’ हे होय. परंतु रूढीस अनुसरून येथे ‘वेग’ हाच शब्द ठेवला आहे.

एककांचा इतिहासही बोलका आहे. विमानविद्येने ‘नॉट’ हे एकक नौकानयनाकडून घेतले. नॉट म्हणजे गाठ. जहाजामागे सोडलेल्या दोरीच्या किती गाठी ठराविक काळात हातातून सुटल्या, हे मोजून खलाशी वेग ठरवीत. ताशी एक सागरी मैल, म्हणजेच ताशी १.८५२ किलोमीटर, हा एक नॉट होय. सागरी मैल हा अक्षांशाच्या एका कलेएवढा असल्यामुळे नकाशावर अंतर मोजणे सोपे जाते. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली; विमानविद्येत नॉट आणि फूट मात्र टिकून राहिले. गंमत अशी की, गाठींच्या दोरीने मिळे तो जहाजाचा पाण्यातील वेग. समुद्राच्या तळाच्या अपेक्षेने तो किती, हे प्रवाहाचे ज्ञान असल्यावाचून कळत नसे. एककाबरोबर हा प्रश्नही जहाजाकडून विमानाकडे आला.

२. वेगांचा त्रिकोण

वायुसापेक्ष वेग आणि वाऱ्याचा वेग यांची सदिश बेरीज म्हणजे भूसापेक्ष वेग. या तीन राशींचा एक त्रिकोण होतो, आणि त्याच्या दोन बाजू परिमाण व दिशा यांसह ज्ञात असल्यास तिसरी काढता येते. ताशी १०० मैल वायुसापेक्ष वेगाचे विमान ताशी २५ मैलांच्या समोरच्या वाऱ्यात ३०० मैल जाण्यास ४ तास घेईल. तोच वारा पाठीशी असता २ तास २४ मिनिटे घेईल. जाऊन-येऊन एकूण ६ तास २४ मिनिटे झाली. निर्वात स्थितीत ६ तासच लागले असते. जाताना झालेला तोटा येताना भरून निघतो, हा समज म्हणजे चूकच होय. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून राहते, हे त्याचे कारण.

हाच वारा मार्गाशी काटकोनात असेल तर मार्ग न सोडण्यासाठी विमानाला आपला रोख वाऱ्याकडे सुमारे १४½ अंश वळवावा लागतो, आणि भूसापेक्ष वेग ताशी सुमारे ९७ मैल राहतो. रोख न वळविल्यास विमान तासाभरात मार्गापासून २५ मैल ढळेल. डोंगराळ प्रदेशात एवढा ढळ प्राणघातक ठरू शकतो.

३. पहिला टप्पा : भूमीचे दर्शन

आरंभीच्या वैमानिकाजवळ या त्रिकोणाची एकच बाजू खात्रीची होती, ती म्हणजे त्याचा वायुसापेक्ष वेग. वारा अज्ञात असल्यामुळे भूसापेक्ष वेग त्याला थेट जमिनीवरून वाचावा लागे. नकाशावरील नदी, रेल्वेचा फाटा, तलाव अशा दोन ओळखीच्या खुणांमधील अंतर घ्यावयाचे व घड्याळाने काळ मोजावयाचा, ही त्याची पद्धत.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. तेथून ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते आणि जमिनीवरही मार्गदर्शनाचे साधन नव्हते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जात असे. म्हणून त्या काळात टाटांची ही सेवा आपली विमाने, वैमानिक व यंत्रज्ञ यांसह पुण्यास हलविली जाई, आणि येरवडा तुरुंगालगतचे मैदान तिचा विमानतळ होई. पुण्याच्या हवाई इतिहासाचा हा आरंभीचा अध्याय वाऱ्या-पावसानेच घडविला. मात्र ज्या ऋतूत वारा सर्वांत बलवान असतो, त्याच ऋतूत सह्याद्रीवर ढग उतरतात व खुणा दिसेनाशा होतात. भूसापेक्ष वेग जमिनीकडे पाहून ठरविण्याची पद्धत, जेव्हा तिची गरज सर्वाधिक, नेमकी तेव्हाच निरुपयोगी होई.

४. दुसरा टप्पा : वाऱ्याचे मोजमाप

यावर उपाय एकच होता, तो म्हणजे वारा आधीच मोजून ठेवणे. वारा ज्ञात असेल, तर भूमी न दिसताही त्रिकोण पुरा करता येतो. येथेच पुण्याचा संबंध येतो. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले व १९४४ मध्ये दिल्लीस हलविले जाईपर्यंत येथेच होते. शिवाजीनगरच्या त्या वास्तूस पुणेकर अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. भारतातील हवाई वाहतूक जन्मास आली व वाढली ती याच सोळा वर्षांत. देशाच्या हवामान सेवेचे केंद्र त्या वेळी पुणे होते, ही गोष्ट आपल्या शहराच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

वरच्या थरांतील वारा मोजण्याचे साधन होते हायड्रोजनने भरलेला रबरी फुगा. त्यास ‘पायलट बलून’ म्हणत. फुगा ठराविक वेगाने वर चढतो असे गृहीत धरून निरीक्षक थिओडोलाइटमधून दर मिनिटास त्याचा उन्नतांश व दिगंश टिपत असे. एका उदाहरणाने पद्धत स्पष्ट होईल. फुगा मिनिटास ५०० फूट चढतो असे धरू. दहाव्या मिनिटास त्याची उंची ५,००० फूट व उन्नतांश ३० अंश असेल, तर त्याचे क्षितिजसमांतर अंतर सुमारे ८,६६० फूट येते. अकराव्या मिनिटास उंची ५,५०० फूट व उन्नतांश २९ अंश झाला आणि दिगंश बदलला नाही, तर तेच अंतर सुमारे ९,९२० फूट येते. एका मिनिटात फुगा १,२६० फूट सरकला. म्हणजे त्या थरातील वारा ताशी सुमारे १४ मैलांचा होय. फुग्याला स्वतःचा क्षितिजसमांतर वायुसापेक्ष वेग नसतो. म्हणून त्याचा भूसापेक्ष वेग हाच वाऱ्याचा वेग. विमानाला हवी असलेली बाजू फुगा अशा रीतीने उघड करतो.

या पद्धतीत दोन उणिवा होत्या. चढण्याचा वेग एकसारखा असतो हे गृहीत डोंगराळ प्रदेशातील उभ्या प्रवाहांत टिकत नसे. दुसरी उणीव अधिक गंभीर होती : फुगा ढगात शिरला की निरीक्षण संपे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंच आहे. पावसाळ्यात येथील ढगांचा तळ डोक्यावर फार उंच नसतो. परिणामी मोसमी वाऱ्यांची जी पातळी जाणून घेणे सर्वांत अगत्याचे, तिच्याविषयीची नोंद सर्वांत तुटपुंजी राहिली. आणखी एक गोष्ट अशी की, स्वच्छ दिवशीच फुगे उंचवर दिसत असल्यामुळे सरासरी आकड्यांतही स्वच्छ दिवसांचाच भरणा अधिक होई. जुन्या नोंदी वापरणाऱ्या संशोधकाने हा कल ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

बिनतारी संदेश पाठविणाऱ्या फुग्यांनी ही अडचण दूर केली. रेडिओसोंड या उपकरणाचा पंख्यावर चालणारा भारतीय प्रकार पुण्याच्या उपकरण विभागात एस. पी. वेंकटेश्वरन् यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. १९४८ मध्ये या खात्यात आलेल्या ॲना मणी यांनी पुण्यात उपकरणांच्या प्रमाणीकरणाचे काम पुढे नेले. ढगाआड गेलेला फुगा रेडिओच्या साहाय्याने अनुसरता येऊ लागला, तेव्हा मोसमी वाऱ्यांचे खरे रूप दिसू लागले.

५. दोन दिशांचा पावसाळा

ते रूप वैमानिकाच्या दृष्टीने विलक्षण होते. १९५८ मध्ये पी. कोटेश्वरम् यांनी दाखविले की, पावसाळ्यात दक्षिण आशियावर, सुमारे १४ ते १६ किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक बलवान प्रवाह असतो. त्यास ‘पूर्वीय जेट प्रवाह’ म्हणतात. १९६६ मध्ये पी. व्ही. जोसेफ व पी. एल. रामन यांनी जुलै महिन्यात द्वीपकल्पावर अवघ्या दीड किलोमीटर उंचीच्या आसपास ४० ते ६० नॉट वेगाचा पश्चिमी प्रवाह असतो, हे प्रस्थापित केले. १९६९ मध्ये जे. फिंडलेटर यांनी पूर्व आफ्रिकेलगत विषुववृत्त ओलांडणाऱ्या अशाच प्रवाहाचे वर्णन केल्यावर या खालच्या प्रवाहाचे मूळ अधिक स्पष्ट झाले.

पुण्याच्या आकाशात म्हणून पावसाळ्यात खाली पश्चिमेचा व वर पूर्वेचा वारा असतो. पूर्वेकडून मुंबईकडे येणाऱ्या जेट विमानाचा विचार करा. वर, सुमारे ११ किलोमीटरवर, वारा त्याच्या पाठीशी असतो. भूसापेक्ष वेग वायुसापेक्ष वेगाहून अधिक असतो. ते खाली उतरू लागले की तोच संबंध उलटतो. समजा, खालच्या थरात विमानाचा वायुसापेक्ष वेग २८० नॉट व समोरचा वारा ४० नॉट आहे. वारा हिशेबात न घेणारा वैमानिक दहा मिनिटांत सुमारे ४७ सागरी मैल कापले असे मानील. प्रत्यक्षात ते ४० असतील. म्हणजे तो स्वतःला खऱ्या स्थानापेक्षा सुमारे १२ किलोमीटर पुढे समजेल. गंतव्य जवळ आले असे मानून तो खाली उतरू लागला, तर त्याच्याखाली कोकणची सपाटी नसून सह्याद्रीची शिखरे असतील.

स्थानाविषयीच्या अशा भ्रमाची किंमत पुणे जिल्ह्याने पाहिली आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईस येत असता जुन्नरजवळच्या डोंगरावर, सुमारे ३,६०० फूट उंचीवर, आदळले. विमानातील ९४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मार्गनिर्देशनातील चुकीमुळे आपण मुंबईच्या अधिक जवळ आहोत असा वैमानिकाचा समज झाला व त्याने अकाली उतरण्यास आरंभ केला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. उपलब्ध साधनांनी स्थानाची खात्री न करणे, सुरक्षित उंचीची मर्यादा न पाळणे व भूप्रदेशाची अपुरी ओळख ही साहाय्यक कारणे सांगितली गेली. वाऱ्याला त्या कारणांत स्थान नाही, व येथेही त्याच्या माथी दोष मारावयाचा नाही. अभ्यासकाने पाहावयाचे ते इतकेच की, काळ व वेग यांवरून स्थान काढणे हा शेवटी एक हिशेब आहे, आणि बाहेरून पडताळा न घेतलेला हिशेब कितीही आत्मविश्वासाने केला तरी तो अंदाजच राहतो.

६. वायुसापेक्ष वेगही साधा नव्हे

आतापर्यंत त्रिकोणाची एक बाजू, म्हणजे वायुसापेक्ष वेग, खात्रीची मानली. तेही पूर्णांशाने खरे नाही. १७३२ मध्ये आंरी पितो याने सेन नदीचा प्रवाह मोजण्यासाठी जी नळी वापरली, तिच्याच तत्त्वावर विमानातील वेगमापक चालतो. तो मोजतो हवेचा दाब. वेग त्यावरून अनुमानिला जातो, आणि तोही समुद्रसपाटीवरील प्रमाण घनता गृहीत धरून. हवा विरळ असली की दर्शक वेग खऱ्या वेगाहून कमी दिसतो.

लोहगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट उंच आहे. प्रमाण हवामानात तेथे खरा वेग दर्शक वेगाहून सुमारे ३ टक्के अधिक असतो. मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सियस झाले, तर हा फरक सुमारे ८ टक्क्यांवर जातो. यंत्रावर १४० नॉट वाचून उतरणारे विमान, वारा नसताना, धावपट्टीवर प्रत्यक्षात १५१ नॉटांनी धावत असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे थोपवून धरावयाची ऊर्जा सुमारे १७ टक्क्यांनी अधिक होते. पंखांच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. चाकांच्या व गतिरोधकांच्या दृष्टीने मात्र ते निराळेच उतरणे होय. लोहगावची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे पावसाळ्यात पश्चिमेकडे तोंड करून उतरल्यास समोरचा वारा हाच भूसापेक्ष वेग कमी करतो. मार्गात जो वारा प्रतिकूल, तोच उतरताना उपकारक ठरतो.

७. तिसरा टप्पा : त्रिकोणाचे उलटणे

१९५० नंतरच्या दोन दशकांत भूसापेक्ष वेग थेट मोजणारी साधने विमानात आली. डॉप्लर रडार जमिनीकडे लहरी सोडून परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतील फरकावरून वेग सांगे. जडत्वाधारित यंत्रणा त्वरणांची बेरीज करून तो काढी. उपग्रहांच्या साहाय्याने तर तो क्षणोक्षणी व अत्यंत सूक्ष्मतेने मिळू लागला. जी बाजू पूर्वी शोधावी लागे ती आता ज्ञात झाली. वायुसापेक्ष वेग ज्ञात होताच. मग उरलेली अज्ञात बाजू कोणती? वारा. आजचे विमान भूसापेक्ष वेगातून वायुसापेक्ष वेग वजा करून वारा काढते, आणि अनेक विमाने तो आपोआप हवामान केंद्रांना कळवितात. वेधशाळेने विमानास वारा सांगावयाचा, या रीतीस विमानाने वेधशाळेस वारा सांगावयाचा, अशी जोड मिळाली. फुगे मात्र निकामी झाले नाहीत. २०२४ चा तो वारा फुग्यानेही सांगितला, हे आरंभी पाहिलेच.

८. उपसंहार

इतिहासाच्या अभ्यासकास यातून एक व्यावहारिक नियम मिळतो. जुन्या कागदपत्रांत, वृत्तपत्रांत वा आठवणींत विमानाच्या वेगाचा आकडा आढळला, तर तीन प्रश्न विचारल्यावाचून तो स्वीकारू नये. हा वेग हवेच्या अपेक्षेने की भूमीच्या? तो यंत्रावर वाचला, की अंतर व काळ यांवरून काढला? आणि मैल भूमीवरील की सागरी? भूमीवरील मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी १.८५२ किलोमीटरचा, एवढ्यानेच आकड्यात सुमारे १५ टक्क्यांचा फरक पडतो. दोन उड्डाणांच्या काळांची तुलना करून ‘विमाने वेगवान झाली’ असे म्हणण्यापूर्वी त्या दिवसांचा वारा पाहणे भाग आहे.

दुसरी गोष्ट पुण्याविषयी. या शहराने विमान घडविले म्हणून नव्हे, तर ज्या अदृश्य बाजूवाचून विमानाचा वेग सांगताच येत नव्हता ती बाजू मोजण्याचे काम येथून चालले, म्हणून भारतीय विमानविद्येच्या इतिहासात त्यास स्थान आहे. त्या कामातील बहुतेक निरीक्षकांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांनी दर मिनिटास दुर्बिणीतून पाहून कोन लिहिले. त्यांचे फुगे ढगात हरवले, तेव्हा ‘दिसेनासा झाला’ अशी प्रामाणिक नोंद करून ते थांबले. पुढील संशोधकांना मोसमी वाऱ्यांचे खरे स्वरूप कळले, त्याच्या पाठीशी अशा सलग नोंदींची परंपरा होती. त्या नोंदवह्या केवळ हवामानशास्त्राचा नव्हे, तर आपल्या आधुनिक इतिहासाचाही दस्तऐवज आहेत. इतिहास, भूगोल व पदार्थविज्ञान या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी त्यांकडे त्या दृष्टीने पाहावे.